वखारीत शिरलेला कॅमेरा

‘युगांतर’ नावाचा एक चित्रपट-गट १९८० साली बंगळूरमध्ये सुरू झाला. दीपा धनराज, आभा भैया आणि मीरा राव या तिघी, आणि त्यांच्याबरोबर छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर, अशी ती मोजकी माणसे होती. भारतातला पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट म्हणून अभ्यासक आज त्याची नोंद करतात. १९८३ पर्यंतच्या थोड्याशा काळात या गटाने चार लहान चित्रपट केले आणि त्यांतले पहिले दोन मराठी बोलणाऱ्या कष्टकरी बायांचे आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत जेवढी पोचायला हवी होती तेवढी पोचलेली नाही. १९८१ चा ‘मोलकरीण’ पुण्यात घरकाम करणाऱ्या बायांच्या संपाबद्दल आहे. १९८२ चा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायांनी आपली संघटना कशी बांधली त्याबद्दल आहे. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केलेले आणि प्रत्येकी जेमतेम पंचवीस मिनिटांचे.

स्त्री दिग्दर्शकांनी राजकारणात, चळवळीत, संघटनेत वावरणाऱ्या ठाम बायांवर केलेले माहितीपट मी अनेक वर्षे मिळतील तिथून पाहत आले आहे. त्यांतले पुष्कळ चांगले आहेत, काही तर फारच चांगले आहेत. तरीही ते पाहून झाल्यावर एक रुखरुख राहते. बहुतेक चित्रपटांत बाई पडद्यावर येते ती ठाम होऊनच येते. ती बोलायला शिकली कुठे, पहिल्यांदा तोंड उघडले तेव्हा तिच्या शेजारी कोण बसले होते, तिचे अर्धवट राहिलेले वाक्य कोणत्या बाईने पुढे नेले, हे सगळे चित्रपट सुरू होण्याआधीच घडून गेलेले असते. मग धिटाई हा तिचा उपजत गुण असावा, अशी समजूत करून घेऊन प्रेक्षक घरी जातो. आणि उपजत गुणाचे कौतुक करता येते, त्यापासून शिकता येत नाही. ‘युगांतर’च्या या दोन चित्रपटांत मला सापडले ते हे गळून गेलेले आधीचे प्रकरण. इथे बाया बोलत्या होतात, आणि त्या बोलत्या होत असतानाच कॅमेरा तिथे असतो.

‘मोलकरीण’ मी आईबरोबर पाहिला. आई लग्न होऊन पुण्याला आली ती डेक्कनच्या बाजूच्या एका वाड्यात, आणि १९८० सालच्या मोलकरणींच्या संपाची तिची आठवण अर्थातच वाड्याच्या आतल्या बाजूची आहे. सकाळी धुण्याभांड्याच्या मावशी आल्या नाहीत, शेजारच्या बिऱ्हाडातल्याही आल्या नाहीत, आणि वाड्यातल्या सगळ्या सुना आपापल्या मोरीत खरकट्या भांड्यांच्या राशीसमोर बसल्या. दुपारी ओट्यावर जे बोलणे झाले त्यातले एकच वाक्य तिला पक्के आठवत होते: “ह्यांना कुणीतरी शिकवलंय.” चित्रपट संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तेव्हा आम्हाला वाटलं, कुठल्यातरी पक्षाच्या माणसांनी येऊन ह्यांच्या डोक्यात भरवलं असणार. इथे तर त्या एकमेकींनाच विचारतायत.”

आईचे ते वाक्य मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी नेते. बाई काही मागू लागली, विशेषतः गरीब बाई हक्काच्या भाषेत बोलू लागली, की ते बोलणे तिचे नसणारच असे आपल्याकडे सहज धरून चालले जाते. मालकिणीला वाटते युनियनवाल्यांनी शिकवले, नवऱ्याला वाटते शेजारणीने फितवले, सरकारला वाटते विरोधकांनी आणून बसवले. दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांचे आंदोलन चालू असताना, जानेवारी २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत स्त्रियांना आणि वृद्धांना या आंदोलनात का ठेवले आहे अशी विचारणा झाली, तेव्हा पंजाब-हरियाणातून आलेल्या शेतकरी बायांना आम्ही आमच्या आम्ही आलो आहोत हे पुन्हा एकदा मोठ्याने सांगावे लागले. चाळीस वर्षांच्या अंतराने वाड्याच्या ओट्यावरची शंका देशाच्या राजधानीत जशीच्या तशी भेटते. म्हणूनच बोलणारी बाई पडद्यावर दाखवणे एवढे पुरेसे होत नाही. तिचे बोलणे कुठून आले, हे दाखवल्याशिवाय त्या शंकेला उत्तर मिळत नाही.

घरकाम करणाऱ्या बायांनी एकत्र येणे किती अवघड असते, हे ज्यांच्या घरी बाई येते त्यांनी तरी जरा थांबून पाहावे. गिरणीला एक फाटक असते, पाळी सुटते तेव्हा शेकडो माणसे एकदम बाहेर पडतात, फाटकाशी सभा घेता येते. मोलकरणीच्या कामाला फाटक नाही. प्रत्येक घरी ती एकटी आणि समोर मालकीण एकटी. पगार प्रत्येक घरी वेगळा, तो ठरतो दारात उभ्या उभ्या. खाडा झाला तर किती कापायचे हे मालकिणीच्या मनावर. आजारपण हा खाडा धरायचा की नाही हेही तिच्याच मनावर. उचल घेतलेली असली तर तोंड उघडायची सोय राहत नाही. त्यात नाते असे की पगार मागितला तर माया आटते, आणि माया आहे म्हणून पगार वाढवायचा राहून जातो. सणाला जुनी साडी मिळते, बोनस हा शब्द उच्चारला की घरातले वातावरण बदलते. या सगळ्यातून वाट काढून १९८० साली पुण्यातल्या बायांनी कामे थांबवली, एका भागातली बातमी दुसऱ्या भागात गेली आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची सुट्टी, आजारपणातला पगार, बोनस अशा मागण्या त्यांनी मांडल्या. कारखान्याच्या कामगाराला कायद्याने कधीच मिळालेल्या गोष्टी होत्या त्या.

‘मोलकरीण’मध्ये हे सांगणारे आवाज बायकांचे आहेत. त्या काळच्या प्रेक्षकाला हे केवढे नवे वाटले असेल याची कल्पना आज करावी लागते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे समाचारचित्र किंवा माहितीपट सक्तीने दाखवला जाई, आणि माहितीपट म्हटला की भारदस्त पुरुषी आवाजातले निवेदन डोळ्यांसमोर, किंबहुना कानांसमोर, येई. त्या निवेदनात कष्टकरी बाई असे, पण डोक्यावर घमेले घेऊन देशाच्या प्रगतीकडे चाललेली आणि मुकी. ‘युगांतर’ने ते निवेदन बाजूला ठेवले आणि बायांना बसू दिले, बोलू दिले, एकीचे बोलणे दुसरीने मध्येच तोडू दिले. एका बाईचा चेहरा बोलत असताना तिच्या मागे बसलेल्या चार जणींचे चेहरे काय करतात, हे पाहण्यात या चित्रपटाची खरी श्रीमंती आहे. एखादी मान हलवते, एखादी ओठ मुडपते, एखादीला हसू येते आणि ती पदर तोंडावर धरते. बोलणाऱ्या बाईइतकेच ऐकणाऱ्या बाया तिथे महत्त्वाच्या आहेत, कारण पुढच्या क्षणी बोलणार असतात त्याच.

फिल्मच्या रिळाचा एक हिशेब इथे सांगितला पाहिजे, कारण त्याचा या बोलण्याशी थेट संबंध आहे. १६ मिलिमीटरच्या फिल्मचे चारशे फुटी रीळ नेहमीच्या वेगाने चालवले तर साधारण अकरा मिनिटांत संपते. रीळ महाग, प्रक्रिया महाग, आणि गटाकडे पैसा बेताचा. आज फोनवर तासन् तास चित्रण करून नंतर हवे ते निवडता येते, तशी चैन तेव्हा नव्हती. म्हणजे कॅमेरा सुरू करण्याआधी काय बोलायचे, कोण बोलणार, कोणती गोष्ट सांगायलाच हवी, याची चर्चा बायांशीच करावी लागणार. टंचाईतून आलेली ही सक्ती ‘युगांतर’ने पद्धत म्हणून स्वीकारली, असे मला वाटते. चित्रपटाचा बराचसा भाग कॅमेरा बंद असताना, बोलण्यात आणि ऐकण्यात, घडलेला आहे, आणि तो पडद्यावर न दिसताही जाणवतो.

निपाणीच्या चित्रपटात ही पद्धत पुरती उमललेली आहे, आणि मला दोघांत तो अधिक मोठा वाटतो.

निपाणी हे बेळगाव जिल्ह्यातले, पुणे-बंगळूर महामार्गावरचे गाव, कर्नाटकात असूनही घराघरांत मराठी बोलणारे, सीमाप्रश्नाच्या याद्यांमध्ये कायम असलेले. मराठी वाचकाला निपाणी आठवते ती बहुधा दोन कारणांनी. एक सीमावाद, आणि दुसरे १९८१ सालचे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन, ज्यात शरद जोशी आणि सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला होता आणि ६ एप्रिलला झालेल्या पोलीस गोळीबारात बारा शेतकरी मारले गेले. ती आठवण राहिली पाहिजे आणि ती राहिली आहे. पण शेतातून निघालेला तोच तंबाखू वखारीत जातो तेव्हा तो कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या, पोती भरणाऱ्या हजारो बाया त्याच गावात त्याच काळात स्वतःची संघटना बांधत होत्या, ही गोष्ट निपाणीच्या सार्वजनिक आठवणीत तितक्या ठळकपणे आलेली नाही. शेतकऱ्याला तंबाखूचा भाव मिळत नव्हता हे खरे होते. वखारीतल्या बाईला कामाचा भाव मिळत नव्हता हेही तितकेच खरे होते, आणि तिच्यासाठी महामार्ग अडवायला कुणी येणार नव्हते. ती स्वतःच आली.

‘युगांतर’ची माणसे या बायांबरोबर चार महिने राहिली. आधी ऐकणे, मग काय चित्रित करायचे ते एकत्र बसून ठरवणे, आणि मग चित्रण, असा क्रम होता. कॅमेरा वखारीच्या आत गेला, आणि बाहेरच्या जगाने तोवर न पाहिलेले काम त्याने पाहिले. तंबाखूची धूळ कृष्णधवल चित्रात धुरासारखी दिसते. खिडकीतून आत आलेल्या उजेडाच्या पट्ट्यात ती तरंगताना दिसते, आणि त्या धुळीत नाकातोंडाला पदर गुंडाळून बाया काम करीत असतात. डोळे तेवढे उघडे. ज्याने कधी तंबाखूच्या वखारीजवळून नुसते चालत जाऊन पाहिले आहे त्याला तो नाकात चढणारा, घशाला खवखव लावणारा वास ठाऊक असेल. त्या वासात दिवसभर बसून काम करायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवायची, हे त्या बायांचे रोजचे जगणे होते. चित्रपट यावर भाष्य करीत नाही. तो काम पुरेसा वेळ दाखवतो, मग त्या बायांना बोलू देतो.

त्या बोलतात ते मालकाबद्दल, मजुरीबद्दल, अंगावर येणाऱ्या माणसांबद्दल, दुखण्यांबद्दल. निपाणीकडचा हेल, एकेका शब्दावर दिलेला भार, मध्येच सुटणारे हसू, हे सगळे मराठी कानाला थेट कळते, त्यासाठी पडद्याखालच्या ओळी वाचाव्या लागत नाहीत. या चित्रपटांवर जगभर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे इंग्रजी ओळींच्या आधाराने पाहून लिहिले गेले आहे आणि त्यात कामाचे विश्लेषण उत्तम आहे. परंतु एखादी बाई मालकाची नक्कल करताना जो शब्द वापरते आणि तो ऐकून बाकीच्या ज्या तऱ्हेने हसतात, त्यातला राग आणि त्यातली मजा ओळखणारा प्रेक्षक हा आपला असायला हवा होता. तो प्रेक्षक चार दशके गैरहजर राहिला आहे.

या चित्रपटातला सर्वांत धाडसी निर्णय म्हणजे बायांनी आपलाच लढा कॅमेऱ्यासाठी पुन्हा उभा केला. आपल्या संपाचा, आपल्या मोर्चाचा प्रसंग त्यांनी स्वतः पुन्हा करून दाखवला, आणि त्यासाठी बाया शेकड्यांनी आल्या. माहितीपट म्हणजे घडते तसे टिपणे, असे मानणाऱ्यांना हे खटकेल. मला ते अतिशय सच्चे वाटते. एखादी गोष्ट घडली तेव्हा भीती होती, गोंधळ होता, कोण पुढे आहे कोण मागे हे कळत नव्हते. तीच गोष्ट पुन्हा करून दाखवताना आपण काय केले हे त्या बायांना स्वतःला नीट पाहता आले. कुणी आधी उठायचे, कोणती घोषणा कुठे द्यायची, मालक आल्यावर मागे सरायचे की नाही, यावर त्यांच्यात चर्चा झाल्याशिवाय असा प्रसंग उभा राहूच शकत नाही, आणि ही चर्चा म्हणजेच संघटनेचे शिक्षण. ‘ह्यांना कुणीतरी शिकवलंय’ या आरोपाला यापेक्षा सरळ उत्तर मी पाहिलेले नाही. त्या शिकत होत्या, एकमेकींकडून, आणि शिकवणी पडद्यावर चालू होती.

तयार झालेले चित्रपट मग पुन्हा अशाच बायांकडे गेले. वस्त्यांत, संघटनांच्या बैठकांत, कामगारांच्या मेळाव्यांत ते दाखवले जात आणि नंतर चर्चा होई. एका गावच्या बायांचे बोलणे दुसऱ्या गावच्या बायांसमोर ठेवायचे, हाच या चित्रपटांचा मूळ उपयोग होता. महोत्सव, पारितोषिके, समीक्षा या गोष्टी त्या वेळी त्यांच्या वाटेवर नव्हत्या.

उरलेल्या दोन चित्रपटांबद्दल थोडक्यात. १९८३ चा तेलुगू ‘इदी कथा मात्रमेना’ हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर केलेला आणि घरातल्या हिंसेवर कथेच्या रूपाने बोलणारा आहे. त्याच वर्षीचा ‘सुदेशा’ हा चिपको आंदोलनातल्या गढवालच्या एका कार्यकर्तीचे व्यक्तिचित्र आहे. म्हणजे चौथ्या चित्रपटात हा गटही एका बाईच्या नावापर्यंत आला. तो चित्रपट मला आवडतो, पण निपाणीच्या गर्दीनंतर तो पाहताना एकटी बाई पडद्यावर असण्याची किंमत काय असते ते मला पहिल्यांदा लक्षात आले.

ती किंमत पुढच्या काळात अधिक स्पष्ट होते. बुंदेलखंडात अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बायांच्या ‘गुलाबी गँग’ या संघटनेच्या संपत पाल यांच्यावर दोन स्त्री दिग्दर्शकांनी दोन वर्षांच्या अंतराने माहितीपट केले: ब्रिटिश दिग्दर्शिका किम लाँगिनोट्टो यांचा २०१० चा ‘पिंक साडीज’ आणि निष्ठा जैन यांचा २०१२ चा ‘गुलाबी गँग’. दोघींसमोर बाई एकच, आणि ती अशी की कॅमेरा नसता तरी तिच्याभोवती माणसे जमली असती. लाँगिनोट्टो संपत पाल यांच्या अगदी जवळ जातात. सासरहून पळून आलेल्या मुली, त्यांच्या वतीने संपत पाल यांनी घेतलेला आवाज, आणि त्याचबरोबर त्यांचा अहंकार, घरातली त्यांची ओढाताण, एकटेपण, हे सगळे तिथे येते. चित्रपट प्रामाणिक आहे. मात्र त्याचा सगळा भार एका स्वभावावर येतो, आणि शेवटी आपण एका विलक्षण बाईला भेटून आलो असे वाटते, चळवळीला भेटलो असे वाटत नाही.

निष्ठा जैन यांनी दुसरी वाट घेतली. त्यांचा चित्रपट एका जळून मेलेल्या तरुण सुनेच्या घरी जातो. संपत पाल तिथे उभ्या राहून सासरच्यांना एकेक प्रश्न विचारतात, जागा पाहतात, उत्तरांतली विसंगती पकडतात, आणि तरीही प्रकरण पुढे सरकत नाही, कारण गाव, पोलीस आणि शेवटी मुलीचे माहेरही गप्प बसण्याच्या बाजूला झुकते. याहून अवघड भाग पुढे येतो. गँगमधलीच एक कार्यकर्ती, इतर घरांतल्या अन्यायावर तुटून पडणारी, आपल्या घरातल्या मुलीची इज्जतीच्या नावाखाली हत्या होते तेव्हा घराची बाजू घेते. दिग्दर्शिका तिला विचारत राहते आणि ती उत्तर देत राहते. इथे मला त्या चित्रपटाबद्दल मोठा आदर वाटला. ठाम बोलणारी बाई सर्व बाबतींत बरोबरच असेल अशी अपेक्षा ठेवणे हाही तिच्यावर लादलेला एक भार आहे, आणि निष्ठा जैन तो भार काढून घेतात, पण त्याचबरोबर प्रश्न विचारण्याचे थांबवत नाहीत. त्यांनीच त्याआधी, २००७ मध्ये, ‘लक्ष्मी अँड मी’ या चित्रपटात मुंबईतल्या स्वतःच्या घरी कामाला येणाऱ्या मुलीचे चित्रण करताना स्वतःला मालकीण म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे केले होते. ‘मोलकरीण’मध्ये जी मालकीण चौकटीबाहेर राहिली ती तिथे चौकटीच्या आत आली आहे, आणि हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घराचा एक पुरा इतिहास समोर येतो.

बोलणाऱ्या बायांनी आपल्यावरच्या चित्रपटालाच उत्तर देण्याची वेळ २०२२ मध्ये आली. बुंदेलखंडात २००२ पासून चालणाऱ्या ‘खबर लहरिया’ या ग्रामीण, मुख्यतः दलित बायांनी चालवलेल्या वृत्तपत्रावर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष या स्त्री-पुरुष जोडीने ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट केला. वार्ताहर बायांनी छापील कागदाकडून फोनवरच्या चित्रणाकडे केलेला प्रवास त्यात आहे, आणि त्यांच्यातल्या मीरा देवी यांचे शांत, न डगमगणारे प्रश्न हे त्याचे बळ आहे. चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. सोहळ्याच्या काही दिवस आधी ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढले: चित्रपट प्रभावी आहे, पण तो आमच्या कामातला एकच भाग उचलतो, एका विशिष्ट पक्षाबद्दलच्या वार्तांकनावरच भर देतो, आणि अर्धी गोष्ट कधी कधी पूर्ण गोष्टीला वाकडे वळण देते, असा त्याचा आशय होता. काही लोकांना हे कृतघ्नपणाचे वाटले. मला ते त्या चित्रपटाच्या विषयाशी पूर्ण सुसंगत वाटले. ज्या बायांचा व्यवसायच दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट तपासून पाहणे हा आहे, त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट तशीच स्वीकारावी, असे म्हणणे म्हणजे त्यांचे बोलणे पडद्यापुरतेच हवे असे म्हणणे. त्या पत्रकार म्हणून वागल्या. दिग्दर्शकांच्या कामाची किंमत मी कमी मानत नाही. वर्षानुवर्षे त्या बायांबरोबर फिरल्याशिवाय असा चित्रपट होत नाही. तरीही निपाणीत चित्रण होण्याआधी जे बोलणे झाले, ते इथे चित्रपट जगभर फिरल्यानंतर व्हावे लागले, हा फरक विचार करण्यासारखा आहे.

दीपा धनराज यांनी तो धडा पुढे कधी सोडला नाही. १९९१ च्या ‘समथिंग लाइक अ वॉर’मध्ये कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाची चिरफाड करताना त्यांनी एका बाजूला झटपट शस्त्रक्रियांचे आकडे सांगणारा डॉक्टर ठेवला आणि दुसऱ्या बाजूला एकत्र बसून आपल्या शरीराबद्दल, इच्छेबद्दल, मुलांबद्दल मोकळेपणी बोलणाऱ्या बाया ठेवल्या. २०११ च्या ‘इन्व्होकिंग जस्टिस’मध्ये तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत शरीफा खानम यांनी सुरू केलेली मुस्लिम बायांची जमात, म्हणजे समाजातले तंटे ऐकणारी पंचायत, आहे: पुरुषांच्या जमातीत ज्यांना उभेही राहू दिले जात नव्हते त्या बाया आता स्वतः तक्रारी ऐकतात, पुरावे मागतात, वाद घालतात, मौलवींना उलट प्रश्न करतात. शरीफा खानम यांच्यासारखे व्यक्तिमत्त्व समोर असताना चित्रपट त्यांच्याच भोवती फिरवणे सोपे होते. धनराज यांचा कॅमेरा मात्र सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांकडे जातो, आणि कागद चाळणाऱ्या, मध्येच दुरुस्ती सुचवणाऱ्या, चिडणाऱ्या त्या बाया पाहताना मला निपाणी आठवल्याशिवाय राहत नाही.

‘युगांतर’च्या चित्रपटांच्या प्रती काळाबरोबर खराब होत गेल्या होत्या. काही वर्षांपूर्वी बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट-संस्थेने अभ्यासक निकोल वोल्फ आणि दीपा धनराज यांच्या सहभागाने त्यांचे पुनरुज्जीवन केले आणि आज चारही चित्रपट इंटरनेटवर पाहता येतात. नवरोज कॉन्ट्रॅक्टर २०२३ मध्ये गेले. वखारीतल्या त्या धुळीला इतका स्पष्ट आकार देणारा डोळा त्यांचा होता. जर्मनीतल्या माणसांनी हे काम इतक्या आस्थेने केले याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

आता उरलेले काम आपले आहे आणि ते फार दिवस थांबणार नाही. १९८१-८२ मध्ये पंचविशीत असलेली वखारीतली बाई आज सत्तरीच्या आसपास असेल. निपाणीत, पुण्यात, त्या चौकटींत दिसणाऱ्या चेहऱ्यांना ओळखणारी माणसे अजून आहेत. ‘मोलकरीण’ पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायांच्या वस्त्यांत दाखवला पाहिजे, ज्यांच्यासाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला आणि तरीही ज्यांची पगारी सुट्टी आजही दारात उभ्या उभ्याच ठरते. निपाणीचा चित्रपट निपाणीत, संध्याकाळी कामे आटोपल्यावर, त्या बायांच्या मुली-नातींसमोर दाखवला पाहिजे, आणि तो थांबवत थांबवत दाखवला पाहिजे, म्हणजे कुणीतरी उठून म्हणेल की ही अमकी, ही तमकीची आई, ही पुढे युनियनच्या कमिटीत होती. बायांची परवानगी घेऊन ती नावे लिहून ठेवावीत. दोन्ही चित्रपटांतले सगळे बोलणे, निपाणीच्या उच्चारांसकट, मराठीत उतरवून ठेवावे. मोर्चाचा प्रसंग पुन्हा करून दाखवताना काय चर्चा झाली, कोण नको म्हणत होते, कोणी सगळ्यांना तयार केले, हे सांगू शकणाऱ्या बायांकडे कुणीतरी आज फोन घेऊन जायला हवे. त्यात रीळ अकरा मिनिटांत संपण्याची अडचणही नाही.